महिन्याभराची चिठ्ठी

चामोर्शी,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

रिंकूच्या बाबांस,
रंजीताचा नमस्कार.

इकडे माहेरी सर्व ठीक. धान कापणीला आलं आहे. बाबा रोज पहाटे जाळं घेऊन तळ्यावर जातात, आईचे गुडघे दुखतात. तिकडे तुमचं ऑफिस आणि जेवणखाण वेळेवर होत असेल. फोन हातात असताना पत्र कसलं, म्हणून हसाल. पण फोनवर माझं वाक्य तुम्हीच पुरं करता. कागदावर तरी मला शेवटपर्यंत बोलता येईल.

तब्येत विचारली होतीत. बीपीची गोळी चालू आहे, छातीतली धडधड कमी आहे. भूक अजून रुसलेलीच. आई झिंगे-वांगे रांधून समोर बसते आणि मी ताटात चिवडत राहते. परवा ती म्हणाली, "आमी पोटाले नाई म्हणून मोहफुलं शिजवून खाल्ले. तू दवाखान्यात जाऊन भूक मारून आली, बाई."

तुमच्या साहेबांकडे, गुणवंतरावांकडे जेवायला गेलो, तिथून हे सुरू झालं. त्यांची बायको चवळीची शेंग आणि मी, तुमच्या शब्दांत, धानाचं पोतं. सारे हसले. मीही हसले. आठ दिवसांनी तुम्ही मला चंद्रपुरातल्या वजन उतरवणाऱ्या डॉक्टरकडे नेलंत. माणूस भला होता, नीट विचारत होता. बीपी आहे का, हृदयाचा त्रास आहे का, बाळंतपणात काही झालं होतं का. विचारलं मला, सांगितलं तुम्ही. "काईच नाई डॉक्टर साहेब, एकदम फिट आहे." रिंकूच्या वेळी बीपी वाढून मला झटके आले होते, गाडीत घालून गडचिरोलीला नेलं होतं. गाडीत माझे पाय तुमच्याच मांडीवर होते.

डॉक्टरनं महिन्याभराच्या, भूक मारायच्या गोळ्या लिहिल्या आणि महिन्यानं दाखवायला या म्हटलं. तुम्ही ओळखीच्या औषधवाल्याकडून त्याच चिठ्ठीवर चार महिने आणल्यात.

वजन अकरा किलो उतरलं. तुम्ही माझे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेत. तोंडाला कोरड, झोप उडालेली, आणि चिडचिड इतकी की दूध सांडलं म्हणून मी रिंकूला पळीनं मारलं. मग नळावर भरली बादली उचलताना पडले. दवाखान्यातल्या सिस्टरनं बीपीचा आकडा पाहून मशीन बदललं, तरी आकडा तोच.

सगळं तुमच्या माथी मारता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं लिहिते. डॉक्टर विचारत होता तेव्हा रिंकूच्या बाळंतपणाचं कार्ड माझ्या पिशवीत होतं. काढलं नाही. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू नये, ही आमच्या घरची शिकवण. पण ते नुसतं निमित्त. मलाही बारीक व्हायचं होतं. तुम्ही पुन्हा माझ्याकडे बघावं एवढ्यासाठी मी गप्प बसले. याची मला फार लाज वाटते.

तुमचा निरोप मिळाला. रिंकूची शाळा बुडते, रविवारी न्यायला येतो, गोळ्यांचं कुणाला सांगू नको. म्हणून आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

दिवाळीत रिंकूनं दुसरा लाडू उचलला तेव्हा तुम्ही तिचा हात धरलात. "बस झालं. आईसारखी होशील." नऊ वर्षांची आहे ती. मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन इकडे आले, तुम्हाला वाटलं माहेरपणाला. इथे आल्यापासून ती अर्धा भात गुपचूप कोंबड्यांना टाकते आहे. काल आईनं वाढलेलं ताट तिनं सरकवलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिचं पोट गुरगुरत होतं, मला शेजारी ऐकू येत होतं. तरी मोठ्या ऐटीत म्हणाली, "आई, मले आता भूकच नाई लागून राह्यली. बाबाले सांग ना."

तिनं सांगायला लावलं, म्हणून सांगितलं.

रविवारी येऊ नका. तिच्या शाळेचं मी इथेच बघते.

रिंकूची आई,
रंजीता