कमानीवरच्या खुणा

ता. ३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. तुझ्या ऑफिसात टेबलाला टेबल लागलेलं. मी फोनवर बोलले की शेजारच्याला फुकटची करमणूक. त्यातून आपलं जुनं स्टेशन पाडून नवं बांधायचा नकाशा त्याच ऑफिसात चाललाय. तो तू काढतोस की आणखी कोणी, हे तू अजून धड सांगितलेलं नाहीस.

मागच्या खेपेला आलास तो चहासुद्धा न घेता टेप घेऊन फलाटावर पळालास. मी खिडकीतून सगळं बघत होते. बाबांना वाटलं, लेकाला लहानपण आठवलं. मला तसलं काही वाटलं नाही.

आता ऐक. वारसा जपणाऱ्या समितीकडे मी अर्ज केलाय आणि त्यांचं उत्तरही आलंय. आपल्या स्टेशनच्या दर्शनी कमानीवर पाथरवटांनी आपापल्या दगडावर खुणा कोरल्यात बघ, कुठे मासा, कुठे शिडी, कुठे पक्ष्याचा पाय. फोटोत त्या पाहून समितीचे साहेब लिहितात की या मार्गावर अशा खुणा दुसरीकडे कुठेच उरलेल्या नाहीत. त्या डोळ्यांनी पाहिल्या की इमारत संरक्षित होईल आणि तिला कोणी हात लावू शकणार नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या खुणांवर. ठेकेदाराला याचा वास लागला तर तो एका दुपारीत छिन्नी फिरवून मोकळा होईल.

म्हणून बाबांनाही काही सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट टिकत नाही, टपरीवर एक चहा झाला की गावभर होते. पण हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. स्टेशनमास्तरकी संपून इतकी वर्षं झाली तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर जाऊन बसतात. स्टेशन गेलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

तोंडाला कुलूप घाल. लोभ तू ठेव, संशय मी पुरवते.

तुझी ताई

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग चांगलाच राग आला. मी फलाटावरचं बाकडं मोजत होतो. स्टेशन गेलंच, तर तसंच बाकडं अंगणात करून बाबांना चकित करायचं होतं. घातलंस त्यावर पाणी.

नकाशा माझ्याच टेबलावर आहे, लपवायचं काय त्यात? पोटासाठी रेघा ओढतो. पण तुझ्या अर्जातला शब्दही माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तू आपली माझ्यावर डोळे वटारून बस, आणि फोटो छापायला दिलेस ते कोणाकडे? तो फोटोवाला ठेकेदाराचा साडू लागतो, हे गुप्तहेर बाईंच्या लक्षात नाही आलं?

एक विनंती आहे, बाबांना सांग. ते बडबडे आहेत खरे, पण स्टेशन त्यांचं आहे.

आशीर्वाद पूर्वीइतकेच असू देत, नजर जरा कमी ठेव.

तुझा धाकटा

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाकड्याचं वाचून वाईट वाटलं. विश्वास निम्मा परत दिलाय, उरलेला काम झाल्यावर.

फोटोवाल्याचं मात्र तू बरोबर हेरलंस. काल त्याने मला विनाकारण नमस्कार केला. ठेकेदाराची जीपही स्टेशनपुढे दोनदा थांबून गेली. आता मी कोणावर विसंबत नाही. समितीच्या मंडळींना आणायला स्वतःच जाते, नाहीतर वाटेत त्यांना जेवायला नेऊन कोणी भलतंच पटवायचं.

बाबांना थोडंसं सांगितलं. साहेब लोक तपासणीला येणार आहेत, त्यांनी मनावर घेतलं तर स्टेशन वाचेल, मी परत येईपर्यंत ठेकेदाराच्या माणसाला स्टेशनला हात लावू देऊ नका, एवढंच. खुणांचं अवाक्षर काढलं नाही. तपासणी म्हटल्यावर त्यांची कळी अशी खुलली! लगेच त्यांच्या वेळचे निवृत्त फिटर आणि रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन यांना बोलावणं गेलं. तिघं राखणीला बसले की चिंता नाही.

काम फत्ते होऊ दे, मग भांडायला लवकर ये.

तुझी ताई

ता. २६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. समितीच्या दोघांना घेऊन मी गाडीतून उतरले, तर स्टेशन नव्या भांड्यासारखं चकाकत होतं. दारात बाबा जुना कोट घालून उभे, मागे त्यांचे दोघे सोबती, तिघांचे हात रंगाने माखलेले. साहेब येणार म्हटलं की स्टेशन घासूनपुसून रंगवायचं, ही त्यांची जन्माची सवय. ती मी विसरले. मी नसताना त्यांनी ग्राइंडर आणून कमानीचे दगड घासले, जिथे खोल होतं तिथे पुट्टी भरली, वर ऑइलपेंट दिला. बाबा साहेबांना अभिमानाने सांगत होते की या दगडांवर जुने ओरखडे होते, दर तपासणीला त्यावरून बोलणी खावी लागायची, या वेळी एकही ठेवला नाही.

मोठे साहेब फार सज्जन निघाले. कमानीवरून बराच वेळ हात फिरवला आणि काम मेहनतीने केलंय, एवढंच बाबांना म्हणाले. मला परतीच्या गाडीपाशी बाजूला घेऊन सांगितलं की आता जपण्यासारखं काही उरलं नाही.

ठेकेदाराने बोटसुद्धा लावलं नव्हतं रे. मी बाबांना एक वाक्य सांगितलं असतं तर तिघांनी त्या खुणांवर फूल ठेवून पहारा केला असता. माझ्या संशयाने हे केलं.

नकार आलाय. बाबा रोज विचारतात, साहेबांचं मन का फिरलं? खरं कळलं तर ते खचतील, आणि मी सारवासारव करायला गेले तर माझा चेहरा बोलतो. म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. इमारत धोक्याची आहे असा अहवाल तुझ्या ऑफिसने दिला आणि तो तू लिहिलास, असं बाबांना कळव. त्यांना तुझा राग येईल. तो राग त्यांना झेपेल, हे दुसरं झेपणार नाही.

नाही म्हणालास तरी माझी माया कमी होणार नाही. माफ कर.

तुझी ताई

ता. ८ फेब्रुवारी

रा. रा. ड्राफ्ट्समनसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. इमारत धोक्याची असल्याचा अहवाल आपण लिहिला, हे वाचलं. आपल्या हाताला पेन्सिल धरायला मी त्याच इमारतीत शिकवलं, गाड्यांच्या मधल्या वेळात.

आमच्याकडून कसर राहिली नव्हती. माझ्या साऱ्या नोकरीत स्टेशन इतकं देखणं दिसलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी स्वतः हात फिरवून तारीफ केली. त्यांच्या मनात नकार नव्हता, तो आपल्या कागदाने आणला.

पाडकाम सुरू होईल तेव्हा मी फलाटावर असेन. आपण येऊ नये.

आपण टेप घेऊन फलाटावर गेलात, तेव्हापासूनच ताईला आपला संशय होता. सख्ख्या भावाबद्दल असं मनात आणतेस, म्हणून मी तिला फार टाकून बोललो होतो. आपलं पत्र वाचून झाल्यावर तिला समोर बसवलं आणि तिची माफी मागितली. ती फार रडली.

कळावे.

निवृत्त स्टेशनमास्तर