पेनल्टी कुणी अडवली

ता. ३ जुलै

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. या खेपेस एकच, तोही हात आखडता घेऊन.

काल शाळेत तुझा सत्कार झाला. दुसऱ्या रांगेतली खुर्ची माझ्यासाठी राखली होतीस, म्हणून आले. शाळेचेच चाळीस गणवेश काज-बटणांविना पडले होते, तरी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, या शाळेतून डॉक्टर-वकील पुष्कळ निघाले, पण नळाच्या तोट्यांचा एवढा मोठा कारखाना काढून वर फुटबॉलच्या तीन संघांना अजिंक्यपद मिळवून देणारा हा एकच. माझी मान ताठ झाली. मग तू माइक धरलास. म्हणालास, चेंडू कशाशी खातात हे मला खेळाच्या सरांनी शिकवलं, गोलात उभं केलं तेही त्यांनीच. आणि खाली उतरून चाकाच्या खुर्चीतल्या त्या माणसाला मिठी मारलीस.

ढब्ब्या, तुझ्या तोट्या गळत नाहीत म्हणून लोक वाखाणतात. तुझी अक्कल कधीपासून गळायला लागली? गोदामाच्या पत्र्याच्या दारापुढे तुला रोज उभं कोण करत होतं? टाचा उचल, चेंडू मारणाऱ्याच्या तोंडाकडे नको, पायाकडे बघ, असं सांगून घसा कुणाचा बसत होता? गोलकीपरला गालगुंड झालं तेव्हा केस टोपीत कोंबून, दुसऱ्या तुकडीतला नवा मुलगा म्हणून मैदानात कोण उतरलं? पेनल्टी कुणी अडवली? आणि सरांना ते कळल्यावर सोमवारी, मुलीच्या जातीने असला खोटेपणा केला म्हणून सगळ्या शाळेसमोर तीनदा माफी कुणाला मागावी लागली? ते हेच सर ना, ज्यांच्या गळ्यात तू पडलास?

लोभाचं मागाहून बघू. आधी उत्तर पाठव.

आक्का


ता. ९ जुलै

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार. पत्र भट्टीपाशी उभा राहून वाचलं. कुठे जास्त भाजलं ते सांगता येत नाही.

आता माझंही ऐक. घरी कळलं तर बाबा शाळा सोडायला लावतील, म्हणून तूच मला शपथ घातली होतीस, की हे मरेपर्यंत पुन्हा तोंडातून काढायचं नाही. पंचेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलो, आणि आता तूच विचारतेस का बोलला नाहीस! सर शहाऐंशीचे आहेत. त्यांना धड बसवत नाही. भर सभेत त्यांचे वाभाडे काढायला हवे होते का?

आणि एवढा खेळाचा पुळका आहे तर तीन अजिंक्यपदं झाली, त्यातल्या एका तरी सामन्याला आलीस? दरवेळी पास पाठवला, दरवेळी तुझं एकच, शिलाई फार आहे. माझा कुठला संघ कुठे खेळतो हेही तुला ठाऊक नसेल. भाषणातल्या एका वाक्यावरून मला सुळावर देऊ नकोस.

चिडलेला, तरी तुझाच,
ढब्बू


ता. १४ जुलै

चि. ढब्बूस,

आशीर्वाद उधार.

शपथ बाबांपुरती होती. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या आड लपायचं वय तुझं राहिलेलं नाही. सामन्याला का आले नाही विचारतोस? एकदा आले होते. फाटकापर्यंत. पुढे पाय उचलेना. मैदान दिसलं की मला माफीचं ते व्यासपीठ दिसतं आणि खाली हसणाऱ्या रांगा दिसतात. तशीच परतले, आणि तुला शिलाईचं कारण कळवलं.

पण आज लिहिते ते वेगळ्याच कारणाने. लेकीचं पत्र आलंय. तिची धाकटी, म्हणजे माझी नात, अकरा वर्षांची, कुणाला न सांगता तुझ्या क्लबात निवडीसाठी गेली होती. फाटकावरच्या माणसाने परत पाठवली. मुलींना घेत नाहीत, साहेबांचा नियम आहे, असं म्हणाला. पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मामाआजोबांचं नाव का सांगितलं नाहीस, असं लेकीने विचारलं, तर म्हणे, नावावर नाही, खेळावर जायचं होतं.

सरांनी एका मुलीला हाकललं. तुझ्या फाटकावरून किती परत गेल्या? दुसरं काही लिहू नकोस. नियम तुझा आहे का, हो की नाही, तेवढं कळव.

आक्का


ता. २६ जुलै

ती. आक्कास,

नमस्कार. चार कागद फाडून हा पाचवा.

हो. नियम माझा. बारा वर्षं चालू आहे.

सरांना कुणी सांगितलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी सांगितलं. रविवारी ते रस्त्यात भेटले. म्हणाले, तो टोपीवाला पोरगा हिरा आहे, पुढच्या वर्षी त्यालाच कर्णधार करतो. मला राखीव गड्यांतही कुणी घेत नव्हतं. माझ्या पोटात असं काही दुखलं की तोंडातून निघून गेलं, तो पोरगा नाही, माझी बहीण आहे. सोमवारी तू वर उभी होतीस तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. बुधवारी सरांनी मला संघात घेतलं. पुढे जे काही झालो ते त्या बुधवारपासून. म्हणून मैदानात मुलगी दिसली की मला उभं राहवत नाही. म्हणून फाटकच बंद करून टाकलं. त्याला शिस्त असं नाव दिलं.

परवा सकाळी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंकडे दहा मिनिटं मागितली आणि नऊशे मुलांसमोर हे सगळं सांगितलं. तिथून सरांच्या घरी गेलो. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. तू त्यांना आठवत नाहीस, आक्का. म्हणाले, किती पोरांना उभं केलं असेल, कोण लक्षात ठेवतो.

क्लबातला नियम काढला आहे. या शनिवारी मुलींची निवड. तुझ्या लेकीकडे जाऊन नातीची माफी मागितली. ती म्हणाली, शनिवारी बघू. गोलकीपर मुलींना शिकवायला येशील का? नाही म्हणालीस तरी तुझंच बरोबर.

लोभ मागायला तोंड नाही.
ढब्बू


ता. २९ जुलै

चि. ढब्बूस,

चि. लिहिते, कारण ते गाळायला हात धजत नाही. आशीर्वाद मात्र नाही.

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. सर मला विसरले याचं काही वाटलं नाही. पायाखाली मुंगी आली तर कोण लक्षात ठेवतं. राग आला तो तुझा. शाळेपासून माझं दुकान दोनशे पावलं. नऊशे परक्या पोरांना सांगून झालं, सरांच्या घरचा चहा घेऊन झाला, पण तेवढी दोनशे पावलं तुला चालवली नाहीत. मला पोस्टाने कळवलंस.

त्या दिवशी हसणाऱ्यांत मी तुला पाहिलं होतं. लहान आहे, घाबरून हसला असेल, अशी तुझी वकिली मी माझ्याच मनाशी पंचेचाळीस वर्षं केली. ती वकिली आजपासून बंद.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. तुझ्यासाठी नव्हे. मुलींना आधी न घाबरता जमिनीवर पडायला शिकवावं लागतं, आणि तुझ्या माणसांना ते जमणार नाही. माझे गुडघे गेले, तेव्हा मी पडून दाखवणार नाही. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन आणि सांगेन. पडून दाखवशील तू. डावीकडे, उजवीकडे, चिखल असला तरी, एकेका मुलीला कळेपर्यंत. त्यांनी विचारलं की हे कोण, तर सांगेन, माझा धाकटा भाऊ.

माफ केलेलं नाही. केलं की पत्र टाकीन. तोवर जुने कपडे घालून ये.

आक्का