उलटा धरलेला कागद

प्रिय फूटपट्टी,

शाळेत तुला मोठ्या बाई म्हणावं लागतं, म्हणून हे घरी बसून लिहितेय. घरी तू माझी फूटपट्टीच आहेस. अध्यापक विद्यालयात पट्टीशिवाय फळ्यावर सरळ रेघ मारून दाखवायचीस तीच तू, आणि तिला मी वाट्टेल ते बोलू शकते. आज बोलणारच आहे, तेव्हा दार लावून वाच. दुपारी शिपाईकाकांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. उद्या तिसऱ्या तासाला त्या पोरीकडून नवं पत्र उतरवून घ्यायचं, त्याच टपोऱ्या अक्षरात, त्याच गुलाबी कागदावर, आणि मधल्या सुट्टीआधी फलकावर जुन्या जागी लावायचं. मजकूरही तूच पाठवलास. 'प्रिय नाताळबाबा, मागच्या पत्रात मी माझ्या बाबांबद्दल गंमत म्हणून खोटं लिहिलं. मला माफ कर.' वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंमत? आठ वर्षांच्या पोरीने स्वतःच्या हाताने लिहायचं की मी खोटारडी आहे, आणि ते आपण टाचण्या मारून फाटकापाशी लावायचं? अगं, तुझी बुद्धी कुठे चरायला गेली होती?

तू म्हणशील, नेहमीप्रमाणे हिला तोल सांभाळता येत नाही. नाही येत. एकतीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळतेय तेवढं पुरे. पण तुला सगळी हकीकत ठाऊक नाही. तुला फक्त फलकावरचा कागद ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. नाताळच्या आधीचे चार आठवडे माझ्या वर्गात कसे असतात ते तू जाणतेस. जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते, जिथे तिथे घोटीव कागदाचे कपटे आणि डिंकाची बोटं. मी गणितही त्यातच घुसवते. चौकोनी कागद तीनदा दुमडला की आठवा भाग होतो, तो कापला की चांदणी होते. अपूर्णांक म्हणजे काय हे फळ्यावर महिनाभर घसा फोडून कळत नाही, ते चांदण्या कापताना एका दुपारी कळतं. तर त्याच महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी पोरांना तळ्याकाठच्या बागेत नेलं होतं, सुरूची बोंडं आणि वाळकी पानं गोळा करायला. पन्नास बोंडं मोजायची, दहा-दहाचे ढीग करायचे, असा तो तास.

तिथे तळ्याजवळच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. ही आपली पोरगी बोंडं वेचत वेचत त्यांच्यासमोर गेली आणि खिळल्यासारखी उभी राहिली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हे मी पाहिलं बरं का, माझ्या या दोन डोळ्यांनी. मला वाटलं, कुणीतरी पोरांशी लपाछपी खेळतंय. मी हसले, तिला हाक मारली आणि तिचे ढीग मोजायला बसले. तिच्याकडे सत्तेचाळीस बोंडं निघाली, म्हणून मी तिला रागावलेसुद्धा.

पुढच्या आठवड्यात पत्रं लिहिली. नाताळबाबाला पत्र, मायना, मजकूर, समारोप, खाली सही, सगळं रीतसर. पोरांनी सायकली मागितल्या, कुत्र्याची पिल्लं मागितली, एकाने धाकट्या भावाला परत न्यायला सांगितलं. बत्तीस पत्रं मी घरी आणली, प्रत्येकाखाली शेरा दिला, आणि अक्षराच्या स्पर्धेसाठी तीन निवडून तुझ्याकडे पाठवली. आता तूच आठव, आपल्याला अक्षर तपासायला कसं शिकवलं होतं. कागद उलटा धरायचा. मजकूर वाचता आला की मन त्यात अडकतं आणि गुण चुकतात, म्हणून पान डोक्यावर उभं करायचं आणि फक्त वळणं बघायची. तेव्हा आपल्याला किती भारी वाटलं होतं ते! परीक्षेत आपण दोघींनी त्यावर दोन-दोन पानं लिहिली होती. तर मी बत्तीसच्या बत्तीस पत्रं उलटी धरली. तुझ्याकडे आलेली तीन तूही उलटी धरलीस, पहिल्या नंबरावर, म्हणजे या पोरीच्या पत्रावर, सोनेरी चांदणी डकवलीस, आणि सोमवारी ते पत्र फाटकाशेजारच्या फलकावर गेलं. दोन शिकलेल्या बायकांनी ते हाताळलं आणि एकीनेही वाचलं नाही. कपाळ आपलं!

वाचलं ते मंगळवारी तिच्या आईने. शनिवारच्या नाताळच्या नाटकात ही देवदूत होणार होती, म्हणून ती माउली पुठ्ठ्याचे पांढरे पंख शिवून घेऊन आली होती. दोन्ही हातांत धरलेले, वाऱ्याने दुमडू नयेत म्हणून छातीशी कवटाळलेले. कुणीतरी कौतुकाने तिला हाताला धरून फलकापाशी नेलं, की बघा, तुमच्या मुलीचं अक्षर पहिलं आलंय. चारचौघी बाया जमल्या. आणि तिथे तिने वाचलं की, मला बाहुली नको. बाबांना कारखान्यातून काढून टाकलंय. ते रोज डबा घेऊन निघतात आणि पाच वाजेपर्यंत तळ्याजवळ बसतात. आईला माहीत नाही. मी सांगणार नाही असं कबूल केलंय. पण थंडी वाढलीय, तर त्यांना आत बसायला कुठेतरी जागा दे. मी व्हरांड्यातून येत होते, मला वाटलं पोरीची आई बक्षिसाच्या आनंदात उभी आहे. मी लांबूनच हात हलवला गं! त्यांनी पंख फलकाखाली भिंतीला टेकवले आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या. मागे राहिलेल्यांपैकी एकीने पत्र दुसऱ्यांदा वाचून काढलं, मोठ्याने.

मग बुधवारी वडील तुझ्याकडे आले. त्यांच्यावर माझा राग नाही. माणूस काम गेल्यावर घरी सांगायला लाजला, आज सांगू उद्या सांगू करत अडीच महिने घालवले, आणि आता बायको बोलत नाही म्हटल्यावर बुडत्यासारखा हातपाय मारतोय. पोरीने मनाने रचलं असं शाळेने सांगावं, म्हणजे घर शांत होईल, अशी त्यांनी तुझी विनवणी केली. घाबरलेला माणूस काहीही मागतो. पण तू? तू तर खुर्चीत बसली होतीस, तुझं डोकं ठिकाणावर होतं. त्यांना चहा पाजून, धीर देऊन, बायकोशी बोला असं सांगून घरी पाठवायचंस. ते राहिलं बाजूला. तुला एका दगडात सगळं उरकायचं होतं. बापाची अब्रू, शाळेचं नाव, पालकांची कुजबुज, आणि हो, आपण दोघी न वाचता पत्रं लावतो ही बोंब. सगळ्याचं खापर फोडायला डोकं कुणाचं सापडलं, तर ज्याची उंची आपल्या टेबलाएवढी आहे त्याचं. आणि वर चिठ्ठीत लिहितेस की मुलं काय, चार दिवसांत विसरतात. डोंबल विसरतात! मधल्या सुट्टीत दोघेजण बाकावर पिशवी घेऊन बसतात आणि ओठांवर बोट ठेवून दाखवतात, तिच्यासमोर. मी त्यांना आज कोपऱ्यात उभं केलं. पण त्यांना तो खेळ फलकावर टांगून दिला कुणी?

तर स्पष्टच सांगते. उद्या तिसऱ्या तासाला ती काहीही उतरवणार नाही. तुझा मजकूर मी फाडलाय, तुकडे टोपलीत आहेत, हवे तर शिपाईकाकांना विचार. त्या जागेवर माझं पत्र लागेल, माझ्या गिचमिड अक्षरात. हे पत्र खाजगी होतं, मी तिची वर्गशिक्षिका, मी ते न वाचता बक्षिसासाठी पाठवलं, चूक माझी आहे आणि मुलीची व तिच्या घरच्यांची मी माफी मागते. एवढंच. तिने लिहिलेलं खरं की खोटं याबद्दल त्यात अवाक्षर नाही, ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे. तुझं नाव घातलेलं नाही. घालायचं की नाही ते तू ठरव. मला कारणे दाखवा नोटीस बजावायची असेल तर खुशाल बजाव, त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ कागद आहेत. पंख माझ्या कपाटात आहेत. शनिवारी देवदूत तीच होईल, आणि कुणी नाक मुरडलं तर माझ्याशी गाठ आहे.

आता जे सांगायचं टाळत इथवर आले ते सांगते. आज शाळा सुटल्यावर ती वर्गात एकटीच चांदण्या कापत बसली होती. मी शेजारी त्या बुटक्या बाकावर बसले आणि विचारलं, की बाळा, असलं नाताळबाबाला कशाला लिहायचं? कात्री न थांबवता तिने मला समजावून सांगितलं, मी वर्गात कच्च्या पोरांना समजावते तसं. नाताळबाबा नसतो हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळलंय. वर्गात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पत्रं बाई घरी नेतात आणि बाईच वाचतात, हेही ठाऊक आहे. तिने मलाच लिहिलं होतं गं. बागेत तिच्या बाबांना मी पण पाहिलं होतं, म्हणून मला लवकर समजेल असं तिला वाटलं. फलकावरून काढलेलं पत्र परत हातात आलं तेव्हा तिने आधी माझा शेरा वाचला. 'अक्षर सुंदर.' मग पान पलटून मागे बघितलं, तिथेही काही नव्हतं. तेव्हा तिला वाटलं, बाईंना पण उत्तर येत नसेल. घरी आल्यापासून मी तिला उत्तर लिहायला बसलेय. तिचं नाव घालून 'प्रिय' लिहिलं आणि पुढे हात चालेना, म्हणून आधी तुझ्यावर ओरडून घेतलं. आता लिहिते.

तुझीच,
तुझ्या बाकावर शाई सांडणारी