उजवा खांदा

॥ श्री ॥

झरी, ता. जि. परभणी
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

चि. राजेश्रीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही रविवारी सांजच्याला घरी पोचलो. महिनाभर दवाखान्यात राहिल्यानं घर परकं वाटायलंय. कुलपात किल्लीच जाईना. बघतो तर भोकात कापूस ठासलेला. शेजारच्या सरजाबाईनं केसातला आकडा दिला, त्यानं ओढून काढला. नळाच्या तोंडातही कापूस, न्हाणीच्या मोरीतही. कुंभारीण माशी घर करू नये म्हणून निघायच्या दिवशी तुझ्या मायनंच बुजवलं असणार. मी तवा दवाखान्याचे कागद शोधत हुतो. मी तिला चिडवलं, की जिनिंगात तीस वर्षं मी कानात कापूस कोंबला तरी बहिरा झालोच, तवा तुझ्या कापसानं माशी काय थांबणार. ती हसली. मग काही सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आता खरी गोष्ट. मंगळवारी पहाटे मोटारसायकल चालू झाली न्हाई. परभणीत तुझ्या मायच्या डायलिसिसला आपल्याला मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहाची पाळी मिळालीय, हे तुला ठाऊक हाय. पाचपासून किक मारली. गल्लीतले समदे ऊसतोडीला गेलेत, दुसरी गाडी न्हाई. शेवटी जीपनं गेलो. जीपवाला माणसं भरल्याबिगर हालत न्हाई. साडेनऊला पोचलो तर मशीनवर दुसरा माणूस. नर्सबाईनं कागदावर लिहून दाखवलं, की उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि अशा तीन झाल्या की पाळी यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. एक झाली. दुपारी मशीन रिकामं झालं तवा दोनच तास दिले.

तू सरजाबाईच्या फोनवर जे सांगितलंस ते तिनं मला हातवारे करून सांगितलं. त्यावरून मी मागचं चाक काढून ठेवलंय. तसं नसावं. तवा लिहूनच पाठव. आपल्या गावचा धम्मपाल कंडक्टर रोज दुपारी तुमच्या बसस्टँडवर असतो आणि रात्री परत येतो. त्याच्याजवळ दे.

गाडीवर आम्ही दोघं मिळून एक माणूस हाव, हे तू बघितलंस. मागून गाडी आली की ती माझ्या उजव्या खांद्यावर चापट मारते, थांबायचं असलं की डाव्या. तिचे कान, माझे पाय. पण आता गाडीच न्हाई.

तुझी आठवण काढणारा,
बन्सीधर


छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस राजेश्रीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मागचं चाक परत बसवा.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. एका वेळी एकच तपासा. जे दिसेल ते लिहा. जे वाटेल ते नको.

पेट्रोल महिनाभर उभं होतं, ते उतरतं. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करा, खाली वाटी धरा, जुनं काढून टाका. मग कॉक उघडा आणि नवं पेट्रोल धार धरून येतं का बघा. नंतर प्लग काढा. ओला आहे की कोरडा, ते लिहून ठेवा. पुसून टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवा आणि सावलीत किक मारा. ठिणगी निळी हवी. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्या कोणाला तरी किक मारायला सांगा. अंगठा उडायला हवा. एअर फिल्टर काढून एकदा तसंही बघा.

तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ऐकायची एकही खूण यात घेतलेली नाही.

फोनवर सांगितलं तसं मायच्या घोट्याला रोज सकाळी दोरा गुंडाळा आणि जिथे टोकं जुळतील तिथे गाठ मारा. तोच दोरा रोज वापरायचा. मला पाठवा, सूज किती चढते ते कळेल.

शुक्रवारच्या आत हे पत्र पोचणार नाही, हे मला माहीत आहे. पहाटे सहाच्या आत परभणीला पोचवील अशी झरीहून कुठलीच बस नाही, हेही मी बघितलं. नोव्हेंबरात माझी अठरा दिवस रजा झाली. इथे इंजिनाच्या कारखान्यात नोकरीत अजून कायम नाही, म्हणून लगेच येता येत नाही. हे कारण आहे, सबब नाही.

मायला नमस्कार. तिनं पाणी मोजूनच प्यावं.

आपली आज्ञाधारक,
राजेश्री


झरी
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

चि. राजेश्रीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल रात्री मिळालं. चाक बसवलं. आज दिवसभर तू लिहिलंस तसंच केलं.

जुनं पेट्रोल काढलं, नवं आलं, धार चांगली हाय. प्लग ओला. ठिणगी निळी, दोनदा बघितली. अंगठा उडाला, नखाखाली लागलं. फिल्टर काढून किक मारली, तरी तेच. एकदा टाकीवर हात ठेवला हुता तर टाकी जराशी थरथरली, जसं कुणी शिंकावं, आणि मेली. किक खालून परत वर ढकलते. एवढी घट्ट ती आधी कधी नव्हती.

शुक्रवारचं सांगतो. तुझी माय उठलीच न्हाई. पाटीवर लिहिलं, गाडीच नको म्हणतीया तर माणसानं कशाला हट्ट करावा. मी परत पाटी-पेन्सिल पुढं केली, तिनं सरकवून दिली. दुसरी गैरहजेरी झाली. आता मंगळवार चुकला की पाळी गेली. सोमवारी रात्रीच जाऊन दवाखान्याच्या ओसरीत झोपू, असं लिहून दाखवलं, तर भिंतीकडं तोंड करून पडली. रात्री तिला आडवं पडून दम लागतो, म्हणून बसूनच असते. मी तिच्या पाठीला हात लावून झोपतो, म्हणजे श्वास कळतो.

आदिनाथ मेस्त्री येऊन गेला. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर फुंकला आणि पाटीवर लिहिलं, पिस्टन गेला, इंजिन उघडावं लागंल, आठ दिवस. सोमवारी दुपारी ट्रॉली घेऊन येतो म्हणतो. मी हो म्हणलंय. दुसरं काय करू, राजेश्री? सोमवारी पहाटे मी एकदा स्वतः गाडी ढकलत परभणीला न्यायचं बघतो, तिथं मोठे मेस्त्री हायत.

सरजाबाई लेकीकडं पाथरीला गेली, फोन तिच्यासंगं गेला. दोरा पाठवलाय. गुरुवारपासूनच्या तीन गाठी.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेला,
बन्सीधर


छत्रपती संभाजीनगर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस राजेश्रीचा नमस्कार. वि. वि.

इंजिन उघडू देऊ नका; गाडी नेली असेल तर रात्रीच परत आणा. हे आधी लिहिते, बाकी नंतर वाचा.

पिस्टन गेला असता तर किक सैल लागली असती आणि अंगठा उडाला नसता. मी आदिनाथदादांना हे फोनवर सांगितलं. इंजिन पोरींच्या डोक्यात शिरतं का, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला. नंतर तीन वेळा लावला, उचलला नाही.

दोरा मी पट्टीवर ठेवून मोजला. पहिल्या गाठीपासून तिसऱ्या गाठीपर्यंत दोन सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. तीन दिवसांत. मी तो परत मोजला, मग आणखी एकदा मोजला. आकडा बदलला नाही.

दुपारपासून तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून बसले आहे. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे. तरी इंजिन एकदा शिंकून मरतं. म्हणजे चूक माझ्या यादीत आहे. मी तीन गोष्टी लिहिल्या, चौथी लिहिली नाही, कारण ती कोणीच लिहीत नाही. जळलेला धूर बाहेर पडायला वाट लागते. तो आत अडकला की नवी हवा आत येत नाही, आणि किक परत ढकलते.

तुमच्या पहिल्या पत्रात कुलपाचं भोक आहे, नळ आहे, मोरी आहे. मायनं घरातली सगळी भोकं बुजवली. अण्णा, सायलेन्सरलाही भोक असतं.

आत बॅटरीचा उजेड पाडा. कापूस खोल असेल, काजळीनं काळा झाला असेल, दिसणार नाही कदाचित. सळई घालून बघा. नाहीतर तळहात सायलेन्सरच्या तोंडाशी धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी किक मारायला लावा. हातावर हवा लागली नाही तर मी बरोबर आहे. मायला विचारा. तिला आठवत नसेल, त्या दिवशी ती शुद्धीत होती असं म्हणता येणार नाही.

सोमवारी नेली असेल तर नेली, पुन्हा गाडी ढकलत नेऊ नका. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, आणि मागे बसायला कोणी नाही.

हे पत्र सोमवारी रात्री पोचेल. मंगळवारी पाचच्या आधी तुमच्या हातात काही तास आहेत. मंगळवारी तिसरी गैरहजेरी पडली तर मी नोकरी सोडून येते. ही धमकी नाही, पुढची पायरी आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
राजेश्री


परभणी, दवाखाना
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. राजेश्रीस लाख आशीर्वाद. वि. वि.

पावणेसहाला पोचलो! आता ती मशीनवर हाय. मी बाकावर बसून लिहायलोय.

काल रात्री धम्मपालनं पत्र दिलं. मी लगेच सळई घातली, पण आत काहीच लागलं न्हाई, सळई सरळ आत गेली. मला वाटलं, तुझंही चुकलं. सळई भिंतीला लावून ठेवली. तुझी माय दारात बसून बघत हुती. तिनं खूण केली, की मार किक. मी न्हाई म्हणलं. तिनं परत खूण केली. मारली, तर दुसऱ्याच किकला टाकी थरथरली ती थरथरतच राहिली! मी हात काढलाच न्हाई किती येळ. बहुतेक कापूस आधीच ढिला झाला असंल आणि पहिल्या किकला उडाला असंल. अंधारात सापडला न्हाई. पण तू बरोबर हुतीस.

आदिनाथ कालच ट्रॉली घेऊन आला हुता. तुझ्या मायनं त्याला दारातूनच परत घालवला. काय बोलली ते मला कसं कळणार, पण त्याचं तोंड बघण्यासारखं हुतं.

पहाटे तीच माझ्या आधी उठून शाल बांधून उभी हुती. समदं तुझ्या पत्रामुळं.

कागद मांडीवर धरलाय, अक्षर सांभाळून घे.
बन्सीधर


मंगळवार

राजेश्रीला मायचा आशीर्वाद.

तुझा बाप चहाला गेलाय तवर लिहिते. उजवा हात मोकळा हाय. चौथीपतूर शिकले, चुकलं तर हसू नको. हे पत्र धम्मपालजवळ निराळं देते.

मला आठवत हुतं. निघायच्या दिवशीचं न्हाई, पण कुलपातून कापूस निघाला तवा समदं आठवलं. सायलेन्सरमधी मीच फुंकणीनं आत सारला हुता. तुझा बाप हसायला लागला, मी बी हसले, सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणलं, ऱ्हाऊ दे. आठवड्यातून दोनदा सुया, तुझी नोकरी अर्धी, त्याची झोप न्हाई, आणि मी काय बरी हुणार न्हाई. गाडीच बंद हाय म्हणल्यावर कुणाला दोष न्हाई. तो पहाटे किक मारायचा आणि मी आत गप पडून ऱ्हायची. असलं पाप कुणी केलं नसंल.

सोमवारी पहाटे तो गाडी ढकलत सडकंला लागला. मी दारातून बघत हुते. मागून ऊसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, वर गाणी लावल्याली. डायवर हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, आणि ह्या माणसाला पत्ताच न्हाई. मी हाक मारली. कुणाला मारली मी हाक? ट्रॅक्टर हातभरावरून गेला. तो मागं वळला बी न्हाई, अजून त्याला ठावं न्हाई. चढ लागला तवा दमला आणि गाडी घेऊन परत आला.

तो आंघोळीला गेला तवा मी चिमट्यानं कापूस काढला आणि चुलीत घातला. म्हणलं, मी गेले तर ह्याच्या उजव्या खांद्यावर चापट कोण मारंल?

तुझ्या पत्रानं गाडी चालू झाली असं त्याला वाटतंय. वाटू दे.

तुझी माया कमी हू देऊ नको, मी तुझ्याशी खोटं वागले तरी.
माय


छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १० डिसेंबर २०२५

तीर्थरूप मायला राजेश्रीचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. अण्णांना काही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. हे पत्र धम्मपालमामा तुझ्याच हातात देतील.

आमच्या शेडमध्ये चाचणीआधी इंजिनाची तोंडं बुजवून ठेवतात, आत कचरा जाऊ नये म्हणून. प्रत्येक बुचाला हातभर लाल फीत बांधलेली असते आणि ती बाहेर लोंबती ठेवायची असते. काय बुजवलं हे दुसऱ्याला दिसलं पाहिजे, एवढाच नियम. बुजवायला मनाई नाही. सोबत तीन हात फीत पाठवते आहे. कुलपाला, नळाला, सायलेन्सरला बांध. आणि दवाखान्यात जायचं नाही असं पुन्हा मनात आलं, तर एक तुकडा मनगटाला बांधून बस. अण्णांना ऐकू येत नाही. दिसतं.

एक तुकडा मी ठेवून घेतला आहे. मंगळवारी पहाटे पाच ते सहा मी खोलीच्या जिन्यावर बसून होते. राजीनामा लिहून झाला होता. मला खूप भीती वाटत होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दोऱ्याची नवी गाठ शनिवारी पाठव. मागच्या गाठीच्या आत यायला हवी.

शुक्रवारी पहाटे धुकं असेल. उजव्या खांद्यावर जरा जोरात मार.

तुझीच,
राजेश्री