ढोल्याची खाज

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज दवाखान्यात तुझ्या सासूबाई आल्या होत्या. 'पूर्वीच्या' म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. मला टेबलामागे पाहून त्या परत फिरणार होत्या, पण हातातल्या साखळीला ढोल्या होता आणि त्यानेच त्यांना ओढत आत आणलं. हो, तुझाच ढोल्या. घटस्फोटाच्या वेळी केवळ तुला रडवायला भावजींनी ठेवून घेतलेला.

त्याची दशा बघवत नाही. पोटाखालचे केस गेलेत, कान आतून लालभडक, पंजे चाटून चाटून तपकिरी झालेत. पिसवा शोधल्या, एक सापडली नाही. कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली, खरजेचे किडेही नाहीत. मला खाण्यातली अ‍ॅलर्जी वाटते. खाज शमवायला थोडं औषध दिलंय आणि आठ आठवडे फक्त उकडलेले मासे नि रताळं. दुसरा कणही तोंडात जायचा नाही.

तुला कळवावं की नाही, यावर सगळी दुपार घालवली. कळवलं. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
पिटुकली


१४ जानेवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

रडले नाही. भांडी आदळली.

आता नीट ऐक. त्यांना सांग, कुत्र्याला त्या घराचीच अ‍ॅलर्जी आहे. गाद्या, पडदे, त्या माणसाचा घाम, सुचेल ते सांग. डॉक्टरीण सांगतेय म्हटल्यावर कोण तपासतंय? मी बॅग घेऊन निघाले तेव्हा तो दारात ढोल्याचा पट्टा धरून हसत उभा होता. मला तो रिकाम्या हातांनी उभा बघायचाय, बस्स.

आणि त्याला 'भावजी' म्हणणं सोड. कानात मुंगी शिरल्यासारखं होतं.

आशीर्वाद आहेतच, पण काम झाल्यावर जास्त पाठवीन.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावाने खोटं बोलायचं नाही, हे बाबांनी त्यांच्या दवाखान्यात आपल्याला कुत्र्यांचे पाय धरायला लावत शिकवलं. तू तेव्हाही तो धडा चुकवून मांजरं धरायला पळायचीस.

सासूबाई आज पुन्हा आल्या. रोज मासे उकडून घराला वास मारतोय, पण औषध संपताच खाज परतली, म्हणाल्या. दुसरं कोण काय देतं, असं मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. मुलगा ऑफिसातून आला की बिस्किटं देतो म्हणे. नाहीतर कुत्रा त्याच्याकडे फिरकत नाही.

मी खरं तेच सांगितलं. बिस्किटं थांबेपर्यंत कुठलंच निदान पक्कं होणार नाही, पथ्य पाळणाऱ्या कुणाकडे तरी त्याला ठेवा. कुणाकडे ते मी सांगितलं नाही, शपथ! त्यांनीच तुझं नाव काढलं. तुझा हट्टीपणा त्यांना स्वयंपाकघरात कधी सोसला नाही, पण इथे तोच उपयोगी पडेल म्हणाल्या. मुलगा दौऱ्यावर आहे, तेवढ्यात शनिवारी आणून सोडतील.

ताई, हे कपट तर नाही ना झालं? उलट टपाली कळव आणि माझ्यावरचा जीव तसाच ठेव.

पिटुकली


२८ एप्रिल

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

पोटावर केस आले! कान गुलाबी. तू हट्ट धरलास म्हणून खात्रीसाठी परवा एक बिस्कीट दिलं. काल सकाळी पंजे पुन्हा तोंडात. झालं समाधान? आता तुझ्या पुराव्यासाठी त्याला एकदाही छळणार नाही.

तो फोन करतो, मी उचलत नाही. कुत्रा परत नेता येईल, हे त्याला चुकूनही सांगू नकोस. जळू दे.

ताई


५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते दवाखान्यात आले. बिस्किटं बंद केली तर ढोल्या आमच्याकडे बरा राहील का, असं तोंडावर विचारलं. राहील. मी तसं सांगितलं. रविवारी तुझ्याकडे येतील.

वाटेल ते बोल मला. फक्त पत्र टाकायचं थांबवू नकोस.

पिटुकली


१२ मे

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

तुला झोडपणार होते. पण आधी रविवारचं ऐक.

तो फाटकाशी आला. मी महिनोन्‌महिने घोटून ठेवलेलं वाक्य काढणार, तोच ढोल्या शेपटी हलवत त्याच्यावर उड्या मारायला लागला. अस्सा राग आला मला! माझ्या सुडाचं वाटोळं करायला हाच मेला पुढे.

आणि मग बघते तर ढोल्या त्याचं तोंड चाटतच नव्हता. नाक सारखं पँटच्या खिशात. मी शांतपणे सांगितलं की डॉक्टरीणबाईंचं पथ्य आहे, आत येणाऱ्याने खिसे उलटे करायचे. कपडे वाळत घालणारी शेजारीण थांबली. पलीकडचे आजोबा खुर्ची ओढून बसले. डावा खिसा रिकामा. उजव्यातून बिस्किटांचा अर्धा पुडा.

तो म्हणाला, याने ओळख दाखवली नाही तर, अशी भीती वाटली. माझ्या वाक्याचं काम शेजारणीच्या हसण्यानेच केलं. मग त्याने मान खाली घालूनच मला सांगितलं की ढोल्याला तूच ठेव, हे पथ्य माझ्याच्याने व्हायचं नाही.

पिटुकले, खोटं बोलून एवढी मजा आली नसती. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभी राहून बघत होते आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. तुला वाटेल, माहीत आहे. तेवढं माझ्या वाट्याचं वाईटही तूच वाटून घे.

खूप खूप आशीर्वाद, कबूल केल्यापेक्षा जास्त.

ताई