उजव्याचा डावा हात

दुकानातून,
४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. मनात सध्या वेगळंच आहे.

तुझा फोन बंद. ऑफिसातल्या मुलीने सांगितलं की चाहते नंबर शोधून काढून शिव्या देतात, म्हणून साहेबांनी सिमकार्डच काढून फेकलं. फोन घ्यायला नको, सिनेमा काढायला मात्र हवा. म्हणून हे पत्र. हे तुला बंद करता येणार नाही.

शुक्रवारी बाबांना घेऊन तुझ्या ‘उजव्या’चा दुसरा भाग बघायला गेले. त्यांनी सकाळीच दाढी केली. नवा पांढरा शर्ट घातला, डावी बाही नेहमीसारखी दुमडून खांद्यावरच्या बटणात अडकवली. ते बटण माझं आहे हे तुला आठवतं का? कारखान्यातल्या प्रेसखाली हात गेल्यापासून बाबांना लोंबती बाही नको होती, कापलेली तर त्याहून नको. शिवण शिकल्यावर मी पहिलं काम केलं ते हे. कोटाचं मोठं बटण, एका हाताने लावता येईल असं. पहिल्या भागात तू ते जसंच्या तसं उचललंस, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. उलट मिरवलं. एका हाताचा, साध्या शर्टातला नायक, दोन हातांचं बळ एकात आलेलं. कोसळणारी लिफ्ट एका हाताने धरून ठेवतो आणि नंतर पायरीवर बसून दात लावून बुटाची नाडी बांधतो. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. धडधाकट दोन हातांची पोरं माझ्याकडे शर्ट घेऊन यायची, डाव्या खांद्यावर बटण लावून द्या म्हणायची. बाबा इस्त्रीच्या टेबलामागून ते बघायचे. त्या दिवशी इस्त्री जरा जास्तच कडक व्हायची.

आणि आता काय केलंस? अर्धा तास होत नाही तोवर एक चष्मेवाली शास्त्रज्ञ येते, निळा उजेड पाडते आणि याला डावा हात फुटतो. गुळगुळीत, नखंसुद्धा कापलेली. आधी शिट्ट्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं की आता याला उजव्या कशाला म्हणायचं, तर सगळी रांग हसली. मी बाबांकडे पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मध्यंतराच्या आधीच ते उठून गेले. बाहेर येऊन बघते तर स्कूटरी लावतात तिथे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

काल त्यांनी मला शर्टाची बाही खाली सोडायला सांगितली, आणि आत कापूस भरायला. मी सुई हातात धरून रडले. मग भरून दिली. आता ते भरलेली बाही घालून दुकानात बसतात. हे तुझं काम.

लोभ आहे, पण रागाखाली कुठे गेलाय ते सध्या सापडत नाही.

तुझी,
ताई


एडिटिंगच्या खोलीतून,
११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्याच्या आधी तुझी मुलाखत मिळाली. ‘नायकाचा शर्ट शिवणारी सख्खी बहीणच नाराज’. वर तुझा फोटो, गळ्यात टेप. अनोळखी माणसं शिव्या देतात त्याची आता सवय झाली. कुणी म्हणतं मी विकला गेलो, कुणी म्हणतं पहिला सिनेमा माझा नव्हताच. त्यांच्याकडे फक्त घरचा साक्षीदार नव्हता, तो तू पुरवलास. तू म्हणशील की ती बाई कोट शिवायला आली होती, मापं घेता घेता बोलणं निघालं, ती वार्ताहर आहे हे तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या दुकानात बोलणं कसं निघतं ते मला ठाऊक आहे. मापं राहतात बाजूला.

निर्मात्यानेच हात मागितला, हे खरं. एका हाताचा नायक फार तर एकदा चालतो, म्हणाला. पण मी त्याच्यामागे लपत नाही. मीही हो म्हटलं, आणि खुशीने म्हटलं.

का ते सांगतो, मग पुन्हा विचारू नकोस. तू आठ वर्षांची होईपर्यंत बाबांना दोन हात होते. मी जन्मलो तेव्हा एकच होता. बाबा तुला दोन्ही हातांनी छतापर्यंत उडवायचे आणि झेलायचे, हे तू मला लहानपणी किती वेळा ऐकवलंस? मी रडलो की ऐकवायचीस. हट्ट केला की ऐकवायचीस. तुझ्या चांगल्या मार्कांसारखं ते तू माझ्या नाकासमोर नाचवलंस. मी आयुष्यात त्यांचा डावा हात पाहिला नाही गं. मला तो बघायचा होता. माझ्या हातात कॅमेरा होता, पैसा दुसऱ्याचा होता, म्हणून मी तो बघितला. तुला काय कळणार, तू तर पोटभर पाहिलेला आहेस.

आणि बाबांना वाईट वाटलं असेल तर ते सांगतील. तू त्यांची वकील केव्हा झालीस? बाहीत कापूस तू भरलास, मी नाही.

मोठी आहेस म्हणून नमस्कार. एरवी मुलाखतीनंतर तोही जपून ठेवला असता.

तुझा,
धाकटा


दुकानातून,
१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

मुलाखत दिली, आणि पुन्हा देईन. फोटो वाईट आला एवढंच माझं दुःख आहे.

तुझं पत्र बाबांनी फोडलं. दुकानात येणारं सगळं टपाल तेच फोडतात, पाकीट दातात धरून, हे तुला माहीत असूनही त्यात वाटेल ते लिहिलंस. वाचून त्यांनी घडी घातली आणि गल्ल्यावर ठेवली. उडवण्याझेलण्याचं पुराण काढायची काय गरज होती? लहान मुलं एकमेकांना काहीबाही ऐकवतात. त्याचा सूड चाळिशीला येऊन सिनेमातून घ्यायचा नसतो.

तुला हात बघायचा होता. मग मला विचारायचंस. सांगितलं असतं, की अंगठ्याला जुनी खूण होती, घड्याळ सैल बसायचं म्हणून ते वर कोपराकडे सरकवायचे, आणि जेवताना तो हात मांडीवर पालथा असायचा. तुझ्या त्या निळ्या उजेडातून निघाला तो कुणाचा हात होता? साबणाच्या जाहिरातीतला. मी दोन्ही हात पाहिलेत आणि मला एकाची उणीव कधी भासली नाही. तू एकच पाहिलास आणि तुला तो पुरला नाही. हा माझ्या तुझ्यातला फरक.

इथे काय चाललंय ते ऐक. पोरं आता बटण काढून घ्यायला येतात. आधी बटणासाठी रांग, आता ते उसवायला रांग. ज्याला दोन हात आहेत त्याचं बटण घालून काय करायचं, असं एकाने बाबांसमोर विचारलं. बाबांनी त्याच्या हातातून शर्ट घेतला, इस्त्री करून दिला आणि मग मागच्या खोलीत गेले. त्या कार्ट्याला मी हाकलून दिलं, पण बटण तर उसवावंच लागलं, गिऱ्हाईक आहे. एका वाटीत ती सगळी बटणं पडली आहेत. तुझा सिनेमा आपटल्याचा मला आनंदच झाला असता, पण तो आमच्या अंगावर आपटला.

तिसरा भाग करतोयस असं वाचलं. मग नीट ऐक. तो हात काढ. जसा आणलास तसा घालव. नाहीतर या दुकानाची पायरी चढू नकोस, मी आतून शटर ओढीन.

वहिनीला माझं प्रेम सांग. तुझ्या वाट्याचंही तिलाच दे.

तुझी,
ताई


एडिटिंगच्या खोलीतून,
२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. तू जिंकलीस.

निर्मात्याकडे काल बैठक झाली. दुसरा भाग का पडला यावर आठ जण बोलले, त्यात दोघांनी तुझ्या मुलाखतीचा कागद पुढे केला. ठरलं ते असं. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रसंगात हात जाणार. भंगाराच्या कारखान्यातलं अवाढव्य यंत्र, त्यात डावा हात अडकतो, संथ गतीत, चारी बाजूंनी कॅमेरे. एकटा तो प्रसंगच दहा दिवस चित्रित होईल. चाहत्यांना हवं होतं ते त्यांना मिळेल. तुलाही मिळेल. मला काय हवं होतं ते विचारणारं कुणी उरलेलं नाही, आणि मीही आता सांगणार नाही.

शर्ट पुन्हा तुझ्याकडूनच शिवून घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं आहे. बटणासकट. वाटीतलंच एखादं लाव, नाहीतरी पडून आहेत.

आणखी एक. सिनेमाच्या जाहिरातीसाठी त्यांना बाबा हवे आहेत. नटाच्या शेजारी उभं राहायचं, बाही दुमडलेली, आणि वर लिहिणार ‘खरा उजव्या’. मी नको म्हणालो. ते म्हणाले, बहीण पेपरात बोलू शकते तर वडील फोटोला का उभे राहणार नाहीत. याचं उत्तर तूच दे. तुझ्याकडे असेल. तुझ्याकडे नेहमी असतं. बाबांना तूच विचार, आणि विचारताना लक्षात ठेव की हा हात तू कापायला सांगितलास.

नमस्कार लिहिला आहे. तो तुझ्या वयाला.

धाकटा


इस्त्रीच्या टेबलावरून,
८ मार्च

चि. दोघांस,

अनेक आशीर्वाद. एकच पत्र लिहितो. ताईने वाचावं आणि धाकट्याकडे पाठवावं. दोनदा लिहायला माझ्याकडे वेळ नाही, कपडे पडले आहेत.

माझ्या एका हातावरून तुम्ही दोघं जमिनीच्या तुकड्यावरून भांडावं तसे भांडता आहात. एकाने तो परस्पर लावला. दुसरीने परस्पर कापायला सांगितला. ज्याचा हात होता तो इथे चार हातांवर कोळसे फुंकत, शर्टांना इस्त्री करत बसला आहे, त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. पोरांना वाढवलं त्याचं हे फळ असेल तर चांगलंच पिकलं म्हणायचं.

ताई, मी थिएटरातून उठलो ते अपमान झाला म्हणून नाही. कंटाळा आला म्हणून. हात आला तेव्हा मी सरसावून बसलो. म्हटलं, बघू आता हा काय करतो. त्याने ठोसा मारला. मग पुन्हा ठोसा. मग भिंत फोडली. बापड्याला इतक्या वर्षांनी हात मिळाला आणि त्याला एकही काम आठवलं नाही. साधी पँट दोन्ही हातांनी वर ओढली असती तरी मी बसलो असतो. धाकट्या, लोक तुझ्यावर चिडले आहेत ते हात दिलास म्हणून नाही. हाताला काम दिलं नाहीस म्हणून.

बाही भरून मागितली तीही लाजून नाही. त्या बाजूला वजन असलं की कसं वाटतं, हे विसरलो होतो, ते बघायचं होतं. तू कारण विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू रडायलाच लागलीस. महिनाभर वापरली. ड्रॉवरमध्ये अडकली, चहात बुडाली, परवा इस्त्रीखाली गेली आणि मला जळका वास आला तेव्हा कळलं. ती मी उसवली आहे. कापसाची खुर्चीसाठी गादी केली. बटण लाव.

आता कापण्याचं. धाकट्या, तू तो प्रसंग दहा दिवस घेणार आहेस. हात संथ जात नाही. आवाज येतो, आणि पहिल्यांदा माणूस काय शोधतो माहीत आहे? मी घड्याळ शोधलं. नवं होतं. लोकांना खूश करायला असा हात लावायचा आणि लोक रुसले की काढायचा, हे मी चालू देणार नाही. त्या नटाचा असला तरी. एकदा दिलास ना, मग राहू दे त्याच्याकडे. आणि ताई, तू माझी पोरगी असून कुणाचा हात काढ म्हणून लिहितेस, याची मला तुझ्या मुलाखतीपेक्षा जास्त लाज वाटली. धाकट्या, तुझ्या निर्मात्याला सांग, मी फोटोला उभा राहणार नाही. आग्रह केला तर मी त्याच्या ऑफिसात येईन, आणि मला एका हाताने काय काय येतं ते त्याला दाखवीन.

राहिलं उडवण्याचं. धाकट्या, तू ते लिहिलंस, मी वाचलं. खरं आहे. हिला मी दोन्ही हातांनी उडवलं. तू हात वर करून समोर उभा राहायचास आणि मी तुला एका हाताने कडेवर घ्यायचो. उडवलं कधीच नाही. उडवता आलं असतं. झेलायची खात्री नव्हती. तुझ्या आईने एकदा हट्ट पुरवा म्हटलं तर मी तिच्यावर ओरडलो होतो.

अजूनही कधी कधी झोपेत तो हात परत येतो. तेव्हा मी ठोसे मारत नाही, भिंती फोडत नाही. तू समोर उभा असतोस, हात वर करून.

तेवढं तिसऱ्या भागात घाल. मूल कुणाचंही घे. त्याला दोन्ही हातांनी वर उडवू दे आणि झेलू दे. मग पुढे निर्मात्याला जे फोडायचं ते फोडा. ते बघायला मी येईन, आणि शेवटपर्यंत बसेन.

लोभ मोजून वाढवायचं माझं वय गेलं. आहे तेवढा घ्या, आणि त्यावरून तरी भांडू नका.

बाबा

ता. क. कागद सरकू नये म्हणून त्यावर ताईची मोठी कात्री ठेवली आहे. ती दोनदा मागायला आली. आता तिला देतो.