आमच्या ओढ्यातील मधल्या खडकाविषयी

मी, चन्नवीर बाळाप्पा शेटे, वय एकोणपन्नास, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, राहणार कळंबा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. यकृताचा आजार बरा होणारा नाही. शिवाची इच्छा.

१. बँकेतील ठेव, पुस्तके व सूक्ष्मदर्शक माझी एकुलती मुलगी शिवांजली हिला द्यावे. तिची आई हयात नाही.

२. मलकापूरपलीकडे आमच्या गावी मार्गशीर्षात महादेवाची यात्रा भरते. देवळाकडे ओढा ओलांडून जावे लागते. भाविक घसरू नयेत म्हणून यात्रेआधी ओढ्यातले खडक घासण्याचा मान आमच्या घराचा, आणि थोरला म्हणून माझा. असा मान मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील म्हणतात. तरी तो मी शिवांजलीला देतो. तिने वाटेवरचे दगड दरवर्षी स्वच्छ घासावेत. मधल्या खडकाला हात लावू नये.

३. त्या खडकावर शेवाळासारखी दिसणारी, पण फुले येणारी वनस्पती आहे. पाणी ओसरले की बारीक जांभळट फुले येतात आणि बी खडकालाच चिकटून पुढच्या पावसापर्यंत राहते. १९९६ साली ती मला दिसली. तिची कुठेच नोंद नव्हती. वर्णन छापून यायला पाच वर्षे गेली. शास्त्रीय नावात मी आईचे, बयाबाईचे, नाव घातले. ते खडक जन्मभर तिनेच घासले होते, नारळाच्या काथ्याने. दुसऱ्या कुठल्या ओढ्यात ती अजून सापडलेली नाही.

४. मी दवाखान्यात असताना धाकटा भाऊ प्रभुलिंग याने तो खडक ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासला. पुढच्या पावसात एका कडेला तळहाताएवढीच उगवली. मी म्हणालो, "प्रभ्या, आईचं नाव पुसलंस."

तो उसळला. "आईचं नाव बुळबुळीत शेवाळाला दिलंस, लाज न्हाय वाटली व्हय? उद्या एखादी म्हातारी पडली म्हंजे? एवढंच हाय तर कळंब्याचं घर लिहून दे मला, मग राख की तुझं शेवाळ!"

त्यानंतर आम्ही बोललो नाही.

५. तो रागाने बोलला. मी ते मनावर घेतले. कळंब्याचे घर प्रभुलिंगला द्यावे. त्याने मान शिवांजलीकडे राहू द्यावा व खडक सोडावा. तिला विचारले आहे. म्हणाली, "आण्णा, द्या घर काकास्नी. मला ओढा पुरं." म्हातारी पडण्याची त्याची भीती मात्र खोटी नाही. वाटेच्या कडेने लोखंडी कठडा माझ्या ठेवीतून बसवावा.

६. मला आमच्या रीतीप्रमाणे गावीच मातीत ठेवावे. ओढ्याच्या वरच्या अंगाला नको. उकरलेली माती पावसात खाली उतरते.

७. घर घेऊनही प्रभुलिंगने खडक घासला तर ते परत घेण्याचे कलम घाला, असे वकिलांनी सुचवले. मी घातलेले नाही. शिवांजलीनेही कोर्टात जाऊ नये. आईच्या नावासाठी आईच्याच पोराला घराबाहेर काढणे मला जमत नाही.

सही: चन्नवीर बाळाप्पा शेटे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
लालासाब मुल्लाणी, शेजारी
जोतीराम खोत, सहकारी प्राध्यापक

कळंबा, ३ नोव्हेंबर २००७